पोट सारखं बिघडतंय? पुण्यात आयुर्वेदिक उपचार सुरू करण्याआधी आणि केल्यावर काय काय करायचं

सकाळी दोन-तीनदा संडासला जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. जेवण झालं की मुरडा येतो. चार दिवस जुलाब, पुढचे चार दिवस काहीच नाही, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. अशा वेळी डॉक्टर ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणतात, वैद्य ‘ग्रहणी बिघडली आहे’ म्हणतात (ग्रहणी म्हणजे आयुर्वेदात अन्न धरून पचवणारं स्थान, आणि त्याच्या बिघाडालाही तेच नाव), आणि ओळखीतला प्रत्येक जण एक एक चूर्ण सुचवतो.

मी या सगळ्यातून गेले आहे आणि आयुर्वेदाचा मला खरोखर उपयोग झाला. पण माझ्यासारख्याच त्रासाची जी माणसं मला दवाखान्यांत भेटली, त्यांतली कितीतरी उपचाराच्या क्रमात अडकलेली होती. आधी चूर्ण, ते चाललं नाही म्हणून दुसरं चूर्ण, मग पंचकर्माचं पॅकेज आणि सगळ्यात शेवटी तपासण्या. हा क्रम उलटा करायला हवा. खाली औषधांची नावं येतील ती चिठ्ठीवर काय लिहिलंय हे तुम्हाला कळावं म्हणून. ती वाचून दुकानातून औषध आणू नका.

१. आधी तपासण्या, मग वैद्य

आयबीएसचं निदान करायचे निकष ठरलेले आहेत. गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखतं, त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीच झालेली आहे, आणि दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी, मलाचं स्वरूप बदलण्याशी, या तीनपैकी निदान दोन गोष्टींशी आहे. हे जुळलं तरी पुढची लक्षणं आहेत का ते आधी पाहायचं:

- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखा काळा मल
- प्रयत्न न करता वजन उतरणं
- रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं
- ताप, रक्तक्षय
- पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास
- घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याला सूज आणणारे जुनाट आजार

यातलं एकही असेल तर थेट पोटविकारतज्ज्ञ गाठा. आयुर्वेद त्यानंतरही करता येतो.

काहीच नसेल तरी फॅमिली डॉक्टरांकडून साध्या तपासण्या करून घ्या: रक्तपेशींसाठी सीबीसी, शरीरातली सूज बघायला सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच, शौचाची रुटीन तपासणी आणि सीलिएक आजारासाठी (यात गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही) रक्ताची टीटीजी तपासणी. जुलाब जास्त असतील तर डॉक्टर मलाची कॅलप्रोटेक्टिन तपासणीही सांगतात. आतड्याला सूज आहे का, हे तिच्यावरून कळतं.

इथे एक सापळा आहे. सीलिएकची तपासणी गहू खात असतानाच करायची असते. कुणाच्या सांगण्यावरून महिनाभर पोळी बंद केली आणि मग रक्त दिलं, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

पुण्यापुरतं आणखी एक. पावसाळ्यात टँकरचं किंवा गढूळ पाणी पोटात गेल्यावर जिआर्डिया आणि अमिबा या परजीवींचा त्रास होतो. त्याचं रूप आयबीएससारखंच दिसतं, पण औषध वेगळं असतं. शिवाय आतड्याचा मोठा संसर्ग बरा झाल्यावर सुमारे दहातल्या एकाला पुढे आयबीएस राहतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर या जंतूचं नाव सगळ्यांनी ऐकलं. संसर्गानंतरच्या आयबीएसमागे असणाऱ्या जंतूंमध्ये तोही येतो. त्यामुळे ‘त्रास नेमका कधीपासून’ या प्रश्नाचं उत्तर ‘अमुक महिन्यात उलट्या-जुलाब झाले होते, तेव्हापासून’ असं असेल, तर ते डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही सांगा.

२. दोन आठवड्यांची वही

वैद्यांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. रोज एवढंच लिहायचं:

- किती वाजता काय खाल्लं, आणि तेव्हा भूक खरोखर लागली होती का
- शौच कितीदा, कसं: खडा, बांधलेलं, पातळ, चिकट, आव पडली का
- दुखणं कुठे, आणि शौचाला जाऊन आल्यावर कमी झालं का
- झोप किती, त्या दिवशी ताण काय होता
- बायकांनी पाळीच्या तारखा

मलाचं वर्णन करायला संकोच वाटतो. त्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. त्यात खड्यांपासून पाण्यापर्यंत सात प्रकारची चित्रं आहेत, नुसता आकडा लिहिला की झालं. बहुतेक डॉक्टरांना तो कळतो, आणि वैद्यांनाही ‘मृदू कोष्ठ की क्रूर कोष्ठ’, म्हणजे पोट सहज साफ होणारं की अवघड, हे ठरवायला त्याची मदत होते.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्याही त्याच वहीत लिहा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या काही जणांना त्या गोळीनेच जुलाब होतात. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो.

३. कुठे जायचं

पुण्यात आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि नवख्या माणसाने सुरुवात तिथून करावी असं माझं ठाम मत आहे. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालयाला जोडलेलं शेठ ताराचंद रामनाथ धर्मार्थ आयुर्वेदिक रुग्णालय आहे. हे महाविद्यालय १९३३ पासूनचं. सदाशिव पेठेत विजयानगर कॉलनीत अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय, धनकवडीला भारती विद्यापीठाचं, पिंपरीला डी. वाय. पाटीलचं आणि हडपसरला सुमतीभाई शहा महाविद्यालय आहे. घराजवळचं निवडा, कारण फेऱ्या बऱ्याच होतात. ओपीडीच्या वेळा आधी फोन करून विचारा. केस पेपर काढताना ‘कायचिकित्सा’ विभाग मागा. पोटाचे विकार तिकडेच बघतात.

इथे आधी विद्यार्थी डॉक्टर सविस्तर माहिती विचारतात, मग मोठे वैद्य तपासतात. वेळ जातो, एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते. पण पोटाच्या आजारात सविस्तर विचारपूस हाच निम्मा उपचार आहे, आणि ती खाजगी दवाखान्याच्या गर्दीत दर वेळी होतेच असं नाही.

खाजगी वैद्य निवडत असाल तर पदवी बीएएमएस, शक्यतो पुढे कायचिकित्सेत एमडी, आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक या गोष्टी बघा. क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. नसेल तर विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही.

सोबत न्यायचं: जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावलेली फाइल, सोनोग्राफी किंवा कोलोनोस्कोपी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, ती वही, आधार कार्ड. सकाळी जाताना जीभ घासू नका, कारण जिभेवरचा थर वैद्यांना बघायचा असतो.

४. पहिल्या भेटीत काय विचारतील, आणि का

नाडी, जीभ आणि पोट तपासतील. नुसती नाडी धरून, काही न विचारता पाच मिनिटांत तीन महिन्यांचं औषध देणाऱ्याकडून उठून या. चांगला वैद्य प्रश्न विचारतो.

त्या प्रश्नांमागे तीन गोष्टी असतात. पहिली अग्नी. भूक कधी लागते कधी नाही, तेच जेवण एक दिवस पचतं आणि दुसऱ्या दिवशी फुगवतं, हा विषमाग्नी, म्हणजे वाताचं काम. भूक सहन होत नाही, जळजळतं, जेवल्यावर लगेच पातळ होतं, हा तीक्ष्णाग्नी. थोडंसं खाल्लं तरी दिवसभर जड वाटतं, हा मंदाग्नी.

दुसरी गोष्ट कोष्ठ. कपभर दुधानेही पोट साफ होणारा मृदू कोष्ठाचा, आणि दोन चमचे एरंडेल पिऊनही ढिम्म राहणारा क्रूर कोष्ठाचा. औषधाचं प्रमाण यावर ठरतं.

तिसरी गोष्ट आम, म्हणजे न पचलेला, चिकट राहिलेला अंश. जिभेवर पांढरा थर, चिकट आणि दुर्गंधी मल, अंग जड, तोंडाला चव नाही ही त्याची लक्षणं. आम असताना बृंहण करणारी, म्हणजे ताकद वाढवणारी औषधं दिली की त्रास वाढतो. म्हणून पहिले काही दिवस वैद्य फक्त दीपन-पाचन, म्हणजे भूक वाढवणारी आणि आम पचवणारी औषधं देतात आणि रुग्णाला वाटतं, खरं औषध अजून सुरूच झालं नाही. ते सुरू झालेलं असतं.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर स्वतंत्र अध्याय आहे, पंधरावा. त्यात वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक (तिन्ही दोषांचा) असे ग्रहणीचे प्रकार सांगितले आहेत. आयबीएस म्हणजे तंतोतंत ग्रहणी नव्हे, हेही माहीत असू द्या. कधी घट्ट, कधी पातळ मल ही लक्षणं जुळतात. पण ग्रंथांतल्या ग्रहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे आजारही बसू शकतात. पहिल्या पायरीवर मी एवढा जोर देते तो त्यासाठीच.

५. पथ्य: इथेच बहुतेक फरक पडतो

औषध महिनाभर, पण जेवण रोज दोनदा. पथ्याची छापील यादी मिळेल, ती जशीच्या तशी पाळायला जाऊ नका. वैद्यांसमोर बसून तुमच्या डब्याशी ताडून बघा. हॉस्टेलवर किंवा पीजीत राहणाऱ्यांनी तर नक्कीच: ‘मेसमध्ये हे हे मिळतं, यातलं काय खाऊ?’ असं विचारा. मेसवाल्या काकूंना सांगून वरण-भात आणि कमी तिखटाची भाजी वेगळी मागणं बहुतेक ठिकाणी जमतं.

त्रास जोरात असताना: भाताची पेज, मऊ भात, मुगाचं पातळ वरण, त्यात जिरं, सुंठ, हिंग आणि वर थोडं साजूक तूप. साळीच्या लाह्यांचं पाणीही चांगलं. थोडं स्थिरावल्यावर ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, दोडका, सुरण. कच्च्या सॅलडच्या वाटीपेक्षा शिजवलेली भाजी पोटाला सोपी जाते.

ताकाबद्दल जरा सविस्तर सांगते. ग्रहणीच्या अध्यायात चरकांनी ताक श्रेष्ठ म्हटलं आहे, कारण ते भूक वाढवतं, मल बांधतं आणि पचायला हलकं असतं. पण ते ताक म्हणजे ताज्या दह्यात पाणी घालून, घुसळून, लोणी काढलेलं. हॉटेलातला साखर घातलेला मठ्ठा किंवा फ्रिजमधलं आंबट दही पातळ करून प्यायचं, हे ते नव्हे. दुपारच्या जेवणासोबत किंवा नंतर, भाजलेलं जिरं आणि सैंधव घालून घ्या. रात्री दही नको. जळजळ आणि आम्लपित्त जास्त असेल तर ताकही वैद्यांना विचारूनच. दुधाने जुलाब होणाऱ्यांना ताक अनेकदा चालतं, कारण विरजणामुळे दुधातली साखर कमी झालेली असते. पण पूर्ण जात नाही. आधी अर्धी वाटी घेऊन बघा.

कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले यांनी गॅस होणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने ‘लो फॉडमॅप’ आहार तयार केला आहे. आतड्यात लवकर आंबणाऱ्या साखरा काही आठवडे बंद करायच्या, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, अशी त्याची पद्धत. आपला वरण-भात, भाकरी, दुधी त्यात बऱ्यापैकी बसतो. वरण मात्र बेताचं. फक्त ही बंदी कायमची नसते. वर्षभर वीस पदार्थ बंद ठेवून हाडं मोजावी लागतील अशी अवस्था करून घेऊ नका. आणि सीलिएक निघाला असेल तर डब्यातल्या हिंगाचं लेबल वाचा, बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

पथ्यातले नेहमीचे सापळे:

उपवास. लंघन म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे आणि बटाट्याचा कीस नव्हे, हे सगळं जड आहे. उपवास करायचाच असेल तर भगर आणि ताक बरं.

सकाळी उपाशीपोटी लिटरभर कोमट पाणी, लिंबू-मध, चमचाभर तूप असले व्हिडिओतले प्रयोग. मंदाग्नीच्या माणसाला एवढं पाणी जड पडतं.

उपाशीपोटी अमृततुल्यचा चहा. तो सोडणं अवघड असेल तर निदान आधी काहीतरी खा.

आणि आधीचं पचलं नसताना पुढचं जेवण. घड्याळात एक वाजला म्हणून जेवायचं नाही. ढेकर स्वच्छ आली, अंग हलकं वाटलं, भूक लागली की जेवायचं. वाग्भटांचं प्रमाण सोपं आहे: पोटाचे चार भाग धरले तर दोन अन्नाने, एक पातळ पदार्थाने भरायचा आणि एक रिकामा ठेवायचा.

६. औषधाची चिठ्ठी वाचायला शिका

हिंग्वाष्टक चूर्ण सहसा जेवणाच्या पहिल्या घासाला तुपातून देतात. वात, गॅस, मंद भूक यांसाठी ते असतं. कुटजघन वटी किंवा कुटजारिष्ट आणि कच्च्या बेलफळाचे कल्प (तयार औषधं) जुलाबाकडे झुकणाऱ्यांसाठी. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाने मित्राचं बघून कुटज घेतलं तर पोट आणखी घट्ट होतं. दाडिमाष्टक, मुस्ता म्हणजे नागरमोथा, शंख वटी, गंधर्व हरीतकी ही नावंही दिसतील.

वेळ चुकवू नका. जेवणाआधी, जेवणाच्या मध्ये, जेवणानंतर हे वैद्य उगाच लिहीत नाहीत. अपान वायूसाठीचं (मल बाहेर टाकणारा वायू) औषध जेवणाआधी आणि समान वायूसाठीचं (पचनाला मदत करणारा वायू) जेवणाच्या मध्ये घ्यावं, असं ग्रंथांतच सांगितलं आहे. रंगीत पेनने डब्यांवर वेळ लिहून ठेवा.

सावध राहायच्या गोष्टी:

- रोज रात्री घ्यायच्या ‘पोट साफ’ चूर्णांमध्ये बऱ्याचदा सोनामुखी असते. ती आतड्याला चाळवून मल काढते. चार-आठ दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने घेतली की तिच्याशिवाय भागेनासं होतं. घटक वाचा.
- आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवून केलेल्या पातळ औषधांत, गूळ आणि आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. मधुमेहींनी, आणि मेट्रोनिडाझोलची (अमिबा, जिआर्डियावरची) गोळी चालू असलेल्यांनी हे वैद्यांना आधी सांगावं.
- पर्पटी कल्पांत पारा-गंधकाची कज्जली (दोन्ही एकत्र खलून केलेली काळी भुकटी) असते. ग्रहणीत त्या जुन्या काळापासून वापरात आहेत, पण फक्त वैद्यांच्या नजरेखाली, ठरावीक मुदतीसाठी. गरोदर बाईने, किंवा मूल हवं असणाऱ्या बाईने, हे आवर्जून बोलावं.
- संजीवनी वटीत बचनाग आणि बिब्बा असतो. असे विषारी घटक असलेल्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे.
- ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढू शकतो. इसबगोल चांगलं आहे, पण थायरॉइडच्या गोळीपासून निदान चार तास लांब ठेवा आणि भरपूर पाण्याबरोबर घ्या.

डबीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असायला हवी. रविवार पेठेत किंवा मंडईजवळ काष्ठौषधींच्या दुकानांत सुटं नागरमोथा, सुंठ मिळते. किडलेली, जुनी नाही ना हे बघून घ्या.

पुड्यांचं काय? बरेच वैद्य स्वतः पुड्या बांधून देतात आणि ती जुनी रीत आहे. पण त्यात काय आहे ते कागदावर लिहून मागा. ‘डॉक्टर, दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर सांगता यावं म्हणून नावं लिहून द्याल का?’ असं म्हटलं की कुणाला राग येत नाही. नाव सांगायलाच नकार मिळाला तर ते औषध पोटात घालू नका. बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेली सापडल्याची उदाहरणं आहेत.

७. पंचकर्म नंतर

पॅकेज म्हणून पंचकर्म घेऊ नका. ग्रहणीत उपयोगी पडते ती मुख्यतः बस्ती, म्हणजे गुदमार्गाने दिलेलं औषध, आणि तीही आम पचल्यावर. तेलाची अनुवासन बस्ती जेवणानंतर देतात, काढ्याची निरूह बस्ती जेवणाआधी. आठ बस्तींच्या क्रमाला योगबस्ती म्हणतात. शक्य असेल तर सुट्टी काढा. बस्तीच्या दिवसांत फार बोलणं, फार चालणं, दिवसा झोपणं आणि धक्के खात प्रवास करणं ग्रंथांत वर्ज्य आहे. हिंजवडीहून दुचाकीने येऊन बस्ती घ्यायची आणि तसंच ऑफिस गाठायचं, याने तिचा गुण जातो.

दाखल होऊन उपचार घेणार असाल तर आरोग्य विम्यात आयुषचं कलम आहे का ते दाखल होण्याआधी विमा कंपनीला विचारा आणि मंजुरी लेखी घ्या. ओपीडीतल्या बस्तीचे पैसे सहसा मिळत नाहीत.

८. झोप आणि मन

आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा असते. परीक्षेच्या सकाळी पोट का बिघडतं याचं उत्तर तिथेच आहे. जागरण बंद, जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तास अंतर, जेवणानंतर शतपावली. चिंता, उदास वाटणं जास्त असेल तर समुपदेशकाकडे जा. तोही पोटाचाच उपचार आहे.

९. परत कधी जायचं, कधी थांबायचं

पहिली फेरी साधारण दोन आठवड्यांनी. सहा ते आठ आठवड्यांत वहीतल्या आकड्यांत काहीच फरक नसेल तर वैद्यांशी स्पष्ट बोला, आणि औषध बदलूनही तसंच राहिलं तर दुसऱ्याचं मत घ्या. एका वेळी एकच वैद्य ठेवा. दोघांची औषधं एकत्र चालू असली की कशाने गुण आला आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, मधुमेहाच्या गोळ्या वैद्यांच्या किंवा स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारा.

आयुर्वेदावर आयबीएससाठी झालेले अभ्यास बहुतेक लहान आहेत, म्हणून ‘शंभर टक्के, कायमचं बरं’ अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा. हा त्रास प्रवासात, पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा पेज, ताक आणि वैद्यांनी ‘त्रास झाला की घ्या’ म्हणून लिहून दिलेलं औषध हाताशी असू द्या.

भस्म किंवा पर्पटीचा कल्प घेतला असेल तर लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या वैद्यांना विचारून मध्ये करून घ्या. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर सगळी औषधं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप आणि असह्य पोटदुखी एकदम आली, किंवा शौचातून रक्त गेलं, तर ओपीडीची वाट बघू नका; ससूनला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि फाइल सोबत न्या, आयुर्वेदिक औषधांच्या चिठ्ठ्यांसकट.